न झालेली ओवी

कुंभकोणमच्या आम्हां मराठी लोकांच्या घरांत कोणी गेलं, की दहाव्याच्या संध्याकाळी ओवीअक्का यायच्याच. गेलेल्या माणसावर त्या स्वतः चार ओळी रचून आणत आणि सगळ्यांपुढे म्हणत. बाजारात, शाळेत आम्ही सारे तमिळ बोलणारे; पण आपल्या माणसाला निरोप आपल्याच भाषेत द्यावा, हा त्यांचा हट्ट.

‘मेला’ हा शब्द त्यांना चालत नसे. “निजला म्हणा,” त्या सांगत. “दिवसभर राबलेलं माणूस निजतंच कीं.” शेजारच्या रावजींवर रचताना त्यांनी कावेरीचा पाळणा केला आणि सत्तरीच्या रावजींना त्यात निजवलं. दहा दिवस दगडासारखी बसलेली त्यांची बायको ते ऐकून पहिल्यांदा रडली.

अक्का ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. मुलींच्या शाळेत शिकवून त्यांनी एकुलत्या कमळीला वाढवलं. कमळी माझी मैत्रीण. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अक्का तिला तिरुक्करुगावूरला घेऊन गेल्या. तिथली अंबा गर्भ राखते. देवळातून आणलेलं एरंडेल त्यांनी कळा सुरू झाल्यावर स्वतःच्या हातानं तिच्या पोटाला लावलं. अंबेनं गर्भ राखला. मुलगी झाली, ठणठणीत. कमळी मात्र संध्याकाळ व्हायच्या आत गेली.

दहाव्याला सगळे जमले. अक्कांपुढे वही होती, कोरी. कोणी तरी हळूच म्हणालं, निजलेल्या लेकीसाठी दोन ओळी तरी म्हणा. अक्कांनी वही मिटली.

“निजली असती तर हाकेला उठली असती. दहा दिवस हाका मारतेंय मी. मेली माझी कमळी.”

त्यानंतर त्यांनी ओवी रचली नाही. वर्षाच्या आत जावयाचं दुसरं लग्न झालं आणि तो मुलीला मद्रासला घेऊन गेला.

पुढे माझे वडील गेले. अक्का आल्या, आईशेजारी भुईवर बसल्या. आईनं ओवी मागितली.

“ओवी नाहीं गे आतां,” अक्का म्हणाल्या. “ते कसे होते, तें तूं सांग. मी ऐकतें.”

आई सांगू लागली. ते ताकभात कसा कालवायचे, रागावले की चष्मा कसा पुसत बसायचे. ऊन अंगणातून निघून गेलं तरी ती बोलतच होती, आणि अक्कांनी तिला एकदाही थांबवलं नाही.