गाल दोन, सामान फार

माझ्या थोरल्या साडूंइतका न्यायी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हा सगळा न्याय ते स्वतःच्या दाढीवर खर्च करतात. तुम्ही-आम्ही दाढी उरकतो आणि कामाला लागतो. साडूंच्या घरी न्हाणीशेजारच्या फडताळात रेझर, ब्रश, साबणाच्या वड्या, तुरटीचे खडे आणि दाढीनंतर लावायच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने बसलेल्या असतात, आणि आज कोणाची पाळी याचा निवाडा झाल्याशिवाय त्या घरात दिवस उजाडत नाही. काल वापरलेली वस्तू आज वापरायची नाही. एकाला दोनदा संधी आणि दुसऱ्याला एकदाही नाही, असं तर मुळीच घडता कामा नये. चंदनाच्या साबणाला आज नंबर मिळाला, तर त्याला पुन्हा दिवस दिसेपर्यंत बाजारात नवीन तूर आलेली असते. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "मानूस एकच वो, पन रोज निराळ्या वासाचा. रातच्याले लाइट गेली का मले तं भेवच लागते."

या न्यायबुद्धीचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साडू पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं. कालव्याची एक खोड असते. वरच्या अंगाचे शेतकरी पाणी आधी ओढून घेतात, आणि अगदी शेवटाला ज्यांची शेतं असतात, ज्यांना खात्यात 'टेलवाले' म्हणतात, त्यांच्या वाट्याला नुसती ओल येते; कधी तीही येत नाही. साडूंनी उभी नोकरी या टेलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्यांची बाजू घेतली म्हणून साहेबांच्याही खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, पण टेलवाले काही मनातून सुटेनात. मग त्यांनी घरातच कालवा काढला. फडताळाच्या दाराजवळचं टोक म्हणजे हेड, आणि पार आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं टोक म्हणजे टेल. तिथे हात घालून ते एखादा विस्मरणात गेलेला रेझर बाहेर काढतात, धोतराच्या फडक्याने पुसतात आणि म्हणतात, "चाल बापू, आज तुह्या वावरात पानी."

आमच्या घराला रंग देणं चाललं होतं, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. पहिल्याच सकाळी बँकेत जायच्या घाईत मी फडताळातला हाताला लागला तो रेझर उचलला. साडू चहाचा कप तसाच ठेवून धावत आले.

"अहो साडभाऊ, तो काल झाला न! आज त्याले आराम हाय."

"मग कोणता घेऊ?"

"कोनताई कसा घ्यान? पाळीनं घ्या."

पाळीने माझ्या हातात जो आला, तो जर्मनीतून की कुठून मागवलेला, कंगव्यासारखे दात असलेला एक पुरातन ऐवज होता. त्याने माझी दाढी केली नाही, निंदण केलं. मी हनुवटीला तुरटी चोळत कळवळत होतो आणि साडू कौतुकाने रेझरकडे बघत म्हणत होते, "झोंबून राह्यलं का? झोंबू द्या. लय दिवसाचा उपाशी होता तो." बँकेत त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाने माझ्याकडे पाहून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

एकदा त्यांनी रानडुकराच्या केसांचा ब्रश मागवला. कुरिअर आलं तेव्हा त्यांचे झरी जामणीकडचे एक जुने शेतकरी मित्र ओसरीवर बसले होते. गेल्याच आठवड्यात डुकरांनी त्यांचा भुईमूग उकरून टाकला होता. त्यांनी ब्रश उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे पैशे देऊन आनलं?" साडूंनी हो म्हटल्यावर त्यांनी ब्रशाचे केस अंगठ्याने चाचपले. मग म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं? म्या अख्खे डुकरं पाठवले असते, केसासकट." साडूंनी हे मनाला लावून घेतलं नाही. उलट पाहुण्याला खुर्चीवर बसवून त्याच ब्रशाने त्याच्या तोंडाला असा घट्ट फेस लावला की डुकरांवरचा त्याचा राग तेवढ्या वेळापुरता तरी निवळला.

कारण साडूंचा हात, खरं सांगतो, देवाने दिलेला आहे. ढाणकीला एका लग्नात वरपक्षाच्या सगळ्या पुरुषांना मिळून एकच आरसा होता. साडूंनी त्याच्यासमोर ठाण मांडून आपली पिशवी उघडली आणि मागे रांग लागली. कोणीतरी ओरडलं, "आटपा न काका, वरात निघून राह्यली!" साडूंनी न वळता सांगितलं, "घाईच्या दाढीनं मानूस कापल्या जाते." पण रांगेतल्या एकाला फेस जमेना, म्हणून त्यांनी तो लावून दिला, मग दुसऱ्याची हनुवटी हातात घेतली, आणि वरात निघाली तेव्हा निम्मे वऱ्हाडी त्यांच्या हाताखालून गेलेले होते. कोणी चंदन, कोणी लिंबू, कोणी खस. नवरदेवाच्या घोड्यामागून जणू अत्तराचं दुकान चाललं होतं.

हे सगळं ज्यांना अजिबात खपत नव्हतं असे एक गृहस्थ होते, ते म्हणजे आमचे सासरे. नेरला राहणारे निवृत्त हेडमास्तर, दोन मुलींचे बाप, आणि रोज सकाळी एकाच साबणाने, एकाच रेझरने गुळगुळीत दाढी करून पेपर उघडणारे. साडूंवर त्यांचा राग जुना होता. नेरपलीकडच्या खेड्यात त्यांची थोडी जमीन होती आणि ती नेमकी कालव्याच्या शेवटाला होती. "माह्या वावरात कधी पानी नाई आलं," ते म्हणत, "अन् पोरगी देल्ली म्या त्याच खात्यात." धाकटा जावई म्हणून माझ्यावर मात्र त्यांची मर्जी होती. मी बँकेत, माझा रेझर एक, माझं सगळं सरळ.

मग सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. तोंडाचा उजवा कोपरा ओघळला, त्यातून लाळ यायची. आणि दाढी वाढली. ज्या माणसाला गावाने पन्नाशी-साठी उलटेपर्यंत एक खुंट वाढलेला पाहिला नाही, तो पांढऱ्या दाढीआड बसला. सलूनवाल्याला घरी बोलावलं तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याच्या दुकानात गेलेली बातमी बस स्टँडवर पोचते, आणि आपल्या लाळेची बातमी त्यांना गावभर व्हायला नको होती. सासूबाईंचा हात थरथरायचा. मुलींनी ब्रश हातात घेतला तर ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. हळूहळू त्यांनी लोकांना भेटणं सोडलं, आरसा काढायला लावला, मग जेवणही कमी केलं. डॉक्टर म्हणाले की औषधं चालू आहेत, पण पेशंटने मनावर घेतलं पाहिजे. ते कसं घ्यायला लावायचं, हे मात्र कोणालाच सुचत नव्हतं.

साडू म्हणाले, मी करतो दाढी. यावर सासरे जे भडकले ते विचारू नका. आमच्याकडे लग्नात जावयाचे पाय धुतात आणि ते पाणी डोळ्यांना लावतात. लेकीच्या सासरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या बापांच्या पिढीतले ते. "ज्याचे पाय धुतले त्याच्या हातानं थोबाड धुऊन घेऊ?" ते अडखळत म्हणाले. "वर गेल्यावर कोन्तं तोंड दाखवू मी?" मला वाटलं, संपलं. साडू उठले. यवतमाळला परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या रविवारी ते पिशवी घेऊन पुन्हा नेरला गेले. मीही सोबत होतो. सासऱ्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून ते असे काही उदास चेहऱ्याने बसले की शेवटी सासऱ्यांनाच विचारावं लागलं, "काय झालं?"

"काय सांगू मामाजी, सामान झालं लय, अन् गाल दोनच."

"मंग?"

"मंग काय, टेलवाल्याची पाळीच येऊन नाई राह्यली. हा पाहा." साडूंनी पिशवीतून एक काळवंडलेला रेझर काढून त्यांच्यासमोर धरला. "पार शेवटचा हाय. कोनी इचारत नाई त्याले. मी सेवा कराले नाई आलो, मामाजी. मागाले आलो. तुमचे गाल रिकामे हायत, ते देता का? माह्यावर उपकार होतीन."

सासऱ्यांनी तो रेझर डाव्या हातात घेतला, निरखला. आयुष्यभर शेवटाच्या वावरात पाण्याची वाट पाहिलेला तो माणूस. मग म्हणाले, "खात्यानं शेवटी टेलकडं पाह्यलं म्हना." आणि त्यांनी हनुवटी वर केली.

त्या दिवसापासून दर रविवारी नेरला पाळी लागली. साडू गरम पाण्यात टॉवेल पिळून त्यांचा चेहरा शेकायचे, ओघळलेल्या कोपऱ्याला बोटाने अलगद ताणून धरायचे, लाळ टिपायची ती फेस टिपल्यासारखी टिपायचे. सासरे आधी गप्प बसायचे, मग सूचना करू लागले, मग हक्काने भांडू लागले. "मांगच्या ऐतवारचा साबन नोको, त्याचा फेस बसते. तो खसवाला काढा." साडू म्हणायचे, "त्याची पाळी नाई मामाजी." "पाळी गेली खड्ड्यात! माह्ये गाल हायत." आरसा परत भिंतीवर आला. पेपर आला. जुने मास्तर लोक संध्याकाळी येऊन बसू लागले, आणि सासरे त्यांना दाढीच्या ब्रशांवर व्याख्यान देऊ लागले.

त्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आम्ही दोघेही जावई नेरला होतो. दिवाळीत जावयाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, हा त्या घरचा रिवाज. अंगणात दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी होती, चांदीच्या वाटीत उटणं कालवलेलं होतं. मी एका पाटावर बसलो. साडू दुसऱ्यावर बसणार, तेवढ्यात सासऱ्यांची हाक आली.

"तुमी इकडं या. खुर्चीवर बसा. अन् तुमचा तो ब्रश द्या मले."

साडू खुर्चीवर बसले. सासऱ्यांनी डाव्या हाताने मगातला साबण घुसळला, निम्मा जमिनीवर सांडला, आणि ब्रश साडूंच्या चेहऱ्यावर टेकवला. डाव्या हाताला सवय कुठून असणार? फेस कानात गेला, नाकात गेला, चष्म्यावर गेला. अंगावर एक थेंब सांडला तर दुसऱ्याला दाढीचा धडा देणारे आमचे साडू लहान पोरासारखे डोळे मिटून तोंड वर करून बसले होते.

सासूबाई आतून बघून ओरडल्या, "अवो, काय करून राह्यले? जवाई हायत न ते!"

सासऱ्यांनी ब्रश माझ्या दिशेने केला. "जवाई तिकडं बसले हायत," ते म्हणाले, आणि पुन्हा साडूंच्या गालाकडे वळले.

सासरे जाऊन आता बराच काळ झाला. साडूंचं फडताळ तसंच भरलेलं आहे, उलट त्यात भर पडतेच आहे, आणि अजूनही एखादा टेलवाला रेझर पुसताना ते मधेच थांबतात आणि बाहेर बघतात. नेरच्या त्या घरी मला आजही सगळा मान मिळतो. माझा पाट आधी मांडतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, उटणं चांदीच्या वाटीतच येतं. पण दिवाळीच्या त्या सकाळी मी पाटावर ताठ बसून होतो, कपाळावर ओलं कुंकू होतं, आणि फेसाने माखलेल्या त्या माणसाचा मला इतका हेवा वाटत होता की तेलाचा हात डोक्यावर पडला तेव्हा मी खाली मान घातली ती बराच वेळ वर केलीच नाही.