उजवा वळसा

प्रतिभा भोये माझ्याकडे मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिचं सगळं सामान एका गोणीत मावलं होतं. नागलीचं पीठ, कपडे, चार भांडी आणि गुडघ्याला बांधायचे पट्टे. पट्ट्यांचा वेगळा उल्लेख करते, कारण कपड्यांपेक्षा तेच जास्त होते.

ती सुरगाण्याकडची. म्हणजे सुरगाण्याहून जीपनं पुढे जायचं, जीप जिथे थांबते तिथून डोंगर चढायचा, त्या पाड्यावरची. वय तेवीस. सकाळी अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंग, संध्याकाळी मैदानावर खो-खो. नाशिकला ती आली होती खो-खोसाठी. कारखाना फक्त पोट भरण्यापुरता. आमच्या गल्लीत हे कुणाला पचत नसे. "या वयात खेळायचं काय मेलं?" असं समोरच्या बाई मला विचारत. मी म्हणे, "मग काय करायचं? तुमच्यासारखं गॅलरीत उभं राहायचं?"

तिचा उजवा गुडघा दुखे. दुखे म्हणजे कायम नाही. महिनाभर ती वाऱ्यासारखी पळायची आणि एखाद्या संध्याकाळी फाटकाला धरून धरून घरात यायची. मग बर्फ, मलम, विश्रांती. गावाकडच्या हाडवैद्याचा पाला बांधून झाला. इथल्या एका डॉक्टरांनी फोटो काढले, गुडघ्यात काही नाही म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं आपल्याकडे धरतात. ती पुन्हा मैदानात गेली आणि गुडघा पुन्हा गेला. जिल्ह्याची निवड चाचणी आली की हे हमखास व्हायचं. दोन वर्षं ती चाचणीच्या दिवशी मैदानाबाहेर बसून होती.

यंदा बापाचा, मंगळूचा, फोन आला. फोन स्पीकरवर ठेवायची तिला सवय, त्यामुळे अख्ख्या घराला ऐकू येई.

"आवंदा संघात नाव लागलं तर ऱ्हा तिथं. नाय तर ये. आपल्याला द्राक्षाच्या कामाला जायचं हाय, एक माणूस कमी पडतंय."

"येईन ना. लागलं नाय तर येईन."

बाप वाईट नव्हता. भात कापून झालं की सगळं घर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायचं, तिथे खरंच माणूस कमी पडत होतं. पण बागेत गेली की खो-खो संपला, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही.

तिचे प्रशिक्षक सुनील सर. माणूस कष्टाळू, पण एकदा मत बनलं की ते सिमेंटसारखं. "प्रतिभा म्हणजे डावा वळसा!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी, म्हणजे बाकीचे खेळाडू बसतात ती दोन खांबांमधली पट्टी, ओलांडता येत नाही. पलीकडे जायचं तर टोकाच्या खांबाला वळसा घालूनच. ही पोरगी डावा हात खांबाला घालून अशी गर्रकन फिरायची की पळणारीला कळायच्या आत पाठीवर थाप बसे. उजवीकडून वळायची वेळ आली की मात्र खांबाच्या अलीकडे बसलेल्या पोरीला खो देऊन ती मोकळी व्हायची. कोणी विचारलं तर म्हणे, "माझी बाजू नाय ती."

शेवटी मी तिला वडाळा रोडला बिलकिसकडे नेलं. बिलकिस शेख फिजिओथेरपिस्ट आहे. माझी मान तिनंच सुटी केली होती. बोलायला तिखट, म्हणून मला आवडते. प्रतिभानं गेल्या गेल्या सलवार वर करून गुडघा पुढे केला.

"झाक तो," बिलकिस म्हणाली. "गुडघा नंतर. आधी केर काढ."

"काय?"

"तो झाडू. काढ केर."

प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ, इथे फी देऊन केर काढतात."

मग बिलकिसनं तिला जमिनीवर बसवून हात न टेकता उठायला लावलं. एका पायावर उभं केलं, लोळायला लावलं, जिना चढ-उतर करायला लावला. उजव्या पायावर ती खांबासारखी उभी राहायची. डाव्या पायावर उभी राहिली की कंबर एका बाजूला पडायची आणि हात वाऱ्यावर जायचे. मग बिलकिस तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि उजव्या खांद्याशी वाकून जोरात म्हणाली, "प्रतिभा!"

प्रतिभा डावीकडून पूर्ण गिरकी घेऊन तिच्यासमोर आली.

बिलकिस हसायलाच लागली. "अगं, मी उजवीकडे होते! मान वळवली असतीस तर दिसले असते. इतकं लांबून कशाला आलीस?"

मग मलाही आठवलं. आमच्याकडे ती न्हाणीघरातून बाहेर पडली की उजव्या हाताला असलेल्या स्वयंपाकघरात जायला डावीकडून फिरायची. मला वाटे, पोरीची ढब आहे.

"गुडघा म्हणजे भावकीतला मधला भाऊ," बिलकिस म्हणाली. "वर कंबर काम टाळते, खाली घोटा ताठ झालाय, डावा पाय आरामात. सगळ्यांचं ओझं यानं उचलायचं आणि शिव्याही यानंच खायच्या. इंजेक्शन देऊन त्याला गप्प बसवलं, पण वाटणी कुणी बदलली? मला सांग, तू खेळायला शिकलीस कुठे?"

प्रतिभानं दोन्ही चपला जमिनीवर लांब-लांब ठेवल्या. हे खांब. मग ओढणी एका चपलेच्या बाजूला पसरली. हा ओहोळ.

त्यांच्या शाळेला मैदान नव्हतं. डोंगरात सपाट जागा मिळते कुठे? भात कापून झालं की बुधाकाकाच्या खाचरात पोरं खांब रोवत. खाचर अरुंद. एक खांब बांधाला चिकटलेला, त्याला वळसा घालायला जागाच नाही. दुसऱ्या खांबाशी जमीन एका अंगानं ओहोळाकडे उतरलेली. त्यामुळे पोरं वरच्या अंगानं येत, डावा हात खांबाला घालून वळत आणि उताराला लागत. खालच्या अंगानं उजवीकडे वळायला कोणी जात नसे. तिथे दगड सुटायचे, पाय घसरायचा. नऊ वर्षांच्या पोरीनं तिथे जे अंगात मुरवलं, तेच नाशिकच्या सपाट मैदानावर आणलं.

"तिथली समदी पोरं डावीच वळत्यात," प्रतिभा म्हणाली.

"आणि गुडघे?"

तिनं ओढणी उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "थोरल्या भावाचा पण उजवाच दुखायचा. त्यानं खेळ सोडला."

त्या दिवसापासून आमच्या अंगणातल्या शेवग्याचे हाल सुरू झाले. प्रतिभा त्याला उजव्या हाताला ठेवून वळायची. पळत नाही, चालत. आधी पाऊल, मग कंबर, मग खांदे, शेवटी मान. बिलकिसनं दिलेला व्यायाम बघून कोणाला वाटलं नसतं की हा खेळाडूचा आहे. लहान मुलासारखं रांगायचं, लोळायचं, डाव्या पायावर जोर देऊन उठायचं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायची, जिन्यावर दुसरा पाय आधी टाकायचा. मला धीर कमी. मी खिडकीतून ओरडे, "अगं, वळ की पटकन!" ती म्हणे, "बाई, पटकन वळले की जुनंच वळते." ते खरं होतं, म्हणून जास्त राग येई.

मैदानावर तिची फजिती व्हायला लागली. उजवीकडून वळताना ती म्हशीसारखी वळायची. आणि नवीन शिकण्याच्या नादात डावा वळसाही मंदावला. सुनील सरांचा पारा चढला.

"प्रदक्षिणा घालायला आलीस का इथे? देवळात जा!"

पोरी खो-खो हसल्या. महिन्यावर चाचणी आलेली. घरी येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, जुनं खेळले तर निवड होईल. गुडघा एक महिना धरंल."

"आणि मग?"

"मग राज्याच्या स्पर्धेला जाईन न् तिथं बसंल गुडघा."

"म्हणजे संघात जाऊन बाकावर बसणार. त्यापेक्षा आत्ताच द्राक्षं बघ जा. निदान चार खायला मिळतील."

ती चिडून आत गेली. थोड्या वेळानं शेवग्याभोवती पावलं वाजली.

चाचणीच्या दिवशी मी गेले होते. ऊन होतं आणि मैदानावर सावलीला एक पत्राही नव्हता. समोर पळायला आरोही होती, जिल्ह्यातली सगळ्यात चपळ पोरगी. ती प्रतिभाबरोबर इतकी वर्षं खेळलेली की तिला प्रतिभाची खोड तोंडपाठ. प्रतिभा खांब उजव्या हाताला ठेवून यायला लागली की आरोही खांबाच्या पलीकडे जाऊन चक्क श्वास घेत उभी राही. वळसा येणारच नाही, तर पळायचं कशाला?

पहिल्याच वेळी प्रतिभा उजवीकडून वळायला गेली, पाऊल मधल्या पाटीवर पडलं आणि शिट्टी वाजली.

"प्रतिभा!" सुनील सर बाजूनं ओरडले. "तुझी बाजू धर!"

दुसऱ्या वेळी ती पुन्हा त्याच अंगानं आली. खांबाअलीकडे बसलेली पोरगी खो मिळणार म्हणून आधीच टाचा उचलून तयार होती. आरोही पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी. प्रतिभानं खो दिला नाही. उजवा हात खांबाला घातला, डावा पाय रोवला आणि वळली. फार सुरेख वळली असं मी म्हणणार नाही. पण आरोहीनं कमरेवरचे हात काढेपर्यंत तिच्या खांद्यावर थाप बसली होती.

"ए, ही तुझी बाजू नाहीये!" आरोही एवढंच म्हणाली आणि बाद होऊन बाहेर गेली.

सुनील सरांनी शिट्टी तोंडातून काढली, टोपी काढून डोकं पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. संध्याकाळी संघातली नावं वाचली त्यात प्रतिभाचं शेवटून दुसरं होतं. मंगळूला फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "बरं. मग आम्ही जातो बागेत," आणि गुडघ्याचं विचारायला विसरला. मागाहून त्याचाच फोन आला.

राज्य स्पर्धेत जिल्ह्याच्या पोरी उपांत्य सामन्यात हरल्या. प्रतिभा सगळे सामने खेळली. गुडघा कधीमधी कुरकुरतो. मग ती पट्टा शोधत नाही, शेवग्याकडे जाते.

स्पर्धेनंतर ती गावी गेली, तेव्हा मीही जीपमध्ये कोंबून घेऊन गेले. बुधाकाकाच्या खाचरात भात कापून झालं होतं आणि पोरांनी जुन्याच जागी खांब रोवले होते. प्रतिभानं काकाला बांध थोडा सरकवायला सांगितला.

"बांध सरकवू?" बुधाकाका म्हणाला. "न् पावसाळ्यात पाणी काय तुझा गुडघा अडवून धरील?"

त्याचंही बरोबर होतं. मग तिनं दोन्ही खांब उपटले आणि मैदान आडवं आखलं. बांध आणि ओहोळ दोन्ही लांब राहिले, पण मैदान बरंच आखूड झालं. पोरं कुरकुरली.

"ताई, हे काय लहानपोरांचं हाय काय?"

"लहान हाय म्हणून लवकर वळा. या अंगानं. नाय, त्या नाय, या अंगानं!"

पहिला पोरगा उजवीकडून वळला आणि आपटला. दुसरी आपटली. तिसरा खांबालाच धडकला. बुधाकाका बांधावर बसून विडी ओढत बघत होता.

"अगं, त्या अंगाला समदीच पडत्यात की!"

"पडू दे, काका," प्रतिभा म्हणाली. "मी पण लय पडले." आणि चौथ्याला खो दिला.