गिरजाच्या जागी संत्री

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. आणि आता सांगायला बसले, तर आधी तो आनंदच आठवतो — यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मुलीला पाहायला पांढुर्ण्याचे पाहुणे येणार होते. बैठकीत लावायला आमच्याकडे एकच काळा-पांढरा फोटो, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बागेला पहिला बहार आला तेव्हाचा. संत्र्यांचा ढीग, त्याच्यामागे मी, नवरा आणि माझी धाकटी नणंद गिरजा. आम्ही दोघं हसतो आहोत. गिरजा नाही. केस विस्कटलेले, खांद्यावर ओलं फडकं, तोंड आंबट. तिच्या नवऱ्यानं टाकली म्हणून भावाकडे राहायला आलेली. सणाच्या फोटोत सुतक, असं मला वाटायचं. खरंच एवढंच वाटायचं का?

फोटो रंगवून घ्यायला मी बसनं सौंसरला गेले. स्टुडिओवाल्यानं काडीला कापूस गुंडाळला, रंगात बुडवला, आणि काळ्या ढिगातलं एक संत्रं नारिंगी झालं. मग दुसरं. मला काय झालं, कसं सांगू — मी खुर्ची ओढून त्याच्या खांद्याशीच जाऊन बसले. माझं लुगडं हिरवं करून घेतलं. ते हिरवं कधी नव्हतंच. नवऱ्याचा फेटा गुलाबी. म्हणू ते होत होतं. जन्मात पहिल्यांदा कोणी मला विचारत होतं — बाई, इथं कोणता रंग देऊ?

"इथं ढीग वाढवा," मी म्हटलं. "हिच्यावरून."

"ह्या बाई कोण आहेत?"

"मजूर आहे."

तो म्हणाला, "मंग हा फोटो असाच राहू द्या. दुसरी कॉपी काढतो, तिच्यावर रंगवतो." मी नाही म्हटलं. याच्यावरच करा. कळतं ना तुम्हाला? मूळ फोटोच मला उरायला नको होता. कारण बाग गिरजाची होती. दोन उन्हाळे विहिरीवरून घागरी वाहून तिनं कलमं जगवली. मी तेव्हा आधी माहेरी बाळंतपणाला, मग तान्ह्या लेकरात. गावात सगळे म्हणायचे, गिरजाची बाग.

परत येताना बसमध्ये मी तीनदा कागद उघडून फोटो पाहिला.

घरी गिरजानं फोटोवर बोट ठेवलं. "वहिनी, इथं मी होती ना?"

"फोटोवाला बैताड निघाला," मी म्हटलं. "रंग सांडवला त्यानं."

ती चिडली. स्वतःसाठी नाही — वहिनीचा एवढा चांगला फोटो खराब केला म्हणून. दुसऱ्या दिवशी सौंसरला त्याच्याशी भांडायला गेली. संध्याकाळी आली, पाय धुतले, चुलीपाशी बसली.

"तो म्हणे, तिथं एक मजूर बाई होती. मी म्हटलं, हो, होती."

एवढंच. भावाला तिनं काही सांगितलं नाही. पुढच्या तोडीला आमच्या बागेत आली नाही. बोरगावला लोकांच्या बागेत मजुरीनं जाऊ लागली, ती हात चालले तोवर.

नवरा जेवताना तिला बोलायचा. "घरची बाग सोडून लोकाच्या टोपल्या उचलून राहिली. नाक कापलं आमचं." एकदा तर ताटावरून उठवलं त्यानं तिला. ती उठली, हात धुतले, बाहेर जाऊन बसली.

मी एक वाक्य बोलले असते तर ते थांबलं असतं. मी पुढची भाकर तव्यावर टाकली.