खेळांचं कपाट

आमच्या शेजारचे काका हिंगोलीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. घरातल्या खेळांचं कपाट ते अजूनही फायलींसारखं लावतात. लुडोच्या सोंगट्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत, कॅरमच्या सोंगट्या कापडी पिशवीत, आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव.

काकूंना विसरण्याचा आजार जडला आहे. रोज दुपारी त्या सगळं उपसून एकत्र करतात. काका जमिनीवर बसून पुन्हा निवडायला घेतात. एकदा न राहवून मी त्या कपाटासाठी कुलूप नेऊन दिलं. त्यांनी ते परत माझ्या हातात ठेवलं.

"कुलूप न्हाई लागत," ते म्हणाले. "मी कोण, हेबी इसरली ती. पण पट मांडला की बराबर म्हणते, 'आवो, तुमची बारी हाय.'"