वालाची झोप

झाडांची झोप मोडणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो आमच्याच नात्यात निघावा! हे माझ्या नणंदेचे यजमान, आमचे जवाईबापू. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि बेसा वस्तीतल्या घराच्या गच्चीवर सोयाबीनच्या कुंड्या मांडून बसले. सोयाबीनची पानं संध्याकाळी मिटतात. देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो, त्यातलं पाणी सरकलं की पान खाली झुकतं. ही सरकासरक अडवणारं एक रसायन ते बारीक ब्रशाने त्या सांध्याला लावतात. मग शेजारची पानं निजतात आणि हे एकटंच टक्क जागं.

"यानं झाडाचा फायदा काय?" मी एकदा विचारलं.

"तेच तर पाहून राहिलो, वहिनी!"

जन्मभर शिकवून अजून पाहूनच राहिले आहेत, तर पोरांना शिकवलं काय, हे मला आजवर कळलेलं नाही. खिशात कायम कंपासपेटीतला कोनमापक, पान किती झुकलं ते मोजायला. एका साक्षगंधात त्यांनी तो कलशातल्या आंब्याच्या पानांना लावला, तेव्हा मुलीच्या वडिलांनी घाबरून कलशच फिरवून ठेवला.

नणंद होती तोवर रोज भांडण. दिवेलागणीनंतर ती कढीपत्त्याचं पानसुद्धा तोडू द्यायची नाही. "झोपलेल्याले काहून छळता जी?" म्हणायची. जवाईबापू हसायचे. पण तिने लावलेल्या वालाच्या वेलाला त्यांनी कधी ब्रश लावला नाही, ती वारल्यावर तर नाहीच.

परवा संध्याकाळी गेले, तर त्याच वेलाची पानं ताठ उभी, खालची तर पिवळी पडलेली.

"वालालाही लावलं?"

"सारेच मिटून घेतात हो या वेळी," ते खाली बघत म्हणाले. "वाटलं, हा तरी जागा राहील. औषध जास्त झालं. वाचंल ना, वहिनी?"

वनस्पतिशास्त्राचा मास्तर मला विचारत होता! मी पिवळी पानं खुडायला हात नेला.

"आता नका. दिवे लागले."

मी हात मागे घेतला. शेंड्याचं एक कोवळं पान, ब्रश न लागलेलं, हळूहळू मान खाली घालत होतं. जवाईबापूंनी खिशातून कोनमापक काढला, थोडा वेळ नुसता हातात धरला, आणि परत ठेवून दिला.