फुगडीतलं गाणं

माझ्या मुली मला संशयी म्हणतात. म्हणू देत. हा गुण मला वाशीच्या शाळेत सातवीत असताना लागला, तोही एका गाण्यावरून.

ऐंशी सालानंतरची वाशी म्हणजे अर्ध्या बिल्डिंगा आणि अर्धा चिखल. आम्ही दादरहून तिथे नवीनच राहायला गेलो होतो. बाकावर माझ्या शेजारी बसायची ती खाडीकाठच्या गावातली. मधल्या सुट्टीत आमची फुगडी ठरलेली. वर्गात निबंधाच्या चार ओळी सुचताना मला घाम फुटायचा, पण फुगडीला वेग आला की तोंडातून आपोआप काहीबाही बाहेर पडायचं. एक ओळ ती टाकायची, एक मी. एकदा हे निघालं:

नळाला पानी नाय, वाऱ्याला किती घाय
बिल्डिंग राहिली उभी, तिला बसाया मांडीच नाय!

अख्खं मैदान हसलं. मराठीच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाला स्वतः रचलेलं एक गाणं म्हणायचं होतं आणि ते आमचंच असावं म्हणून आम्ही दोघींनी देव पाण्यात घातले होते.

बाईंनी आम्हाला बोलावलं. हाताची घडी घालून उभं केलं. "हं, म्हणा पुढचं."

पुढचं कुठलं सुचायला! मी म्हटलं, "बाई, नुसतं उभं राहून नाही सुचत."

"अगंबाई! गाण्याला फुगडी लागते? मग उद्या गणिताला झोका बांधू का? खरं सांगा, कुठून ढापलंत?"

मग त्यांनी आम्हाला एकेकीला आत घेतलं. मला म्हणाल्या, "तुझ्या घरी पाण्याला 'पानी' म्हणतात? नाही ना? मग हे तिचं आहे. तू उगाच मिरवतेस." मी रडकुंडीला आले. म्हटलं, दोघींचं आहे. त्यांना काही ते पटलं नाही. मग ती आत गेली. तिला बराच वेळ लागला.

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"खरं हाय ता सांगितलं. तू?"

"मीपण खरंच."

पण कुठलं खरं, हे तिने सांगितलं नाही आणि मीही नाही. घरी आई म्हणाली, "भोळसटपणा पुरे. ती सगळं आपलंच म्हणून सांगेल, बघ तू." तिच्या घरी काय बोलणं झालं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी ती बाकाच्या पार टोकाला बसली.

त्याच दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं. "फुगडीत सुचतं ना तुम्हाला? मग घाला. दोन नव्या ओळी म्हणा आणि गाणं तुमचं. नाहीतर बाद."

आम्ही हात धरले. फुगडीत अंग मागे झोकून द्यावं लागतं, सगळा भार समोरचीच्या हातांवर. मी झोकलं नाही. मनात आलं, हिने सोडलं तर? पडेन मी आणि गाणं हिचं होईल. तिचीही कोपरं वाकलेली होती, ती माझ्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघत होती. आम्ही दोघी म्हाताऱ्यांसारख्या गोल गोल चालत राहिलो. एक शब्द सुचला नाही. मुली फिदीफिदी हसायला लागल्या.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या. "मला पहिल्यापासून वाटतच होतं." गाणं बाद झालं. इतका संताप आला होता मला, आणि तो बाईंवर काढायची सोय नव्हती.

वर्गात परत जाताना ती हळूच म्हणाली, "मी सोडनार नव्हती गं."

"मीपण नव्हते," मी म्हटलं.

दोघी खरंच बोलत होतो आणि दोघींचाही त्यावर विश्वास बसला नाही.