काकूचं माहेर

माझ्या धाकट्या काकूइतकी अस्सल मोरेकरीण उरणच्या मोरा बंदरावर दुसरी झाली नाही, आणि ती नॉर्वेत जन्मली होती एवढी एक बारीकशी गोष्ट सोडली तर तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. काका बोटीवर इंजिनात कामाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका सफरीहून येताना त्यानं हिला आणली. तिथल्या कसल्याशा मासेमारीच्या गावची पोर ही, त्यामुळे बोंबलाच्या वासानं घाबरण्याऐवजी तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. नऊवारी लुगडं आणि खाली काकाचे जुने बूट, या थाटात ती बाजाराला निघाली की कोळणी पाटीवरचं फडकं घट्ट करायच्या, कारण बांगड्याचा कल्ला उचलून आत बघितल्याशिवाय काकूनं उभ्या जन्मात बांगडा घेतला नाही. तिला मराठी शिकवली ती शेजारच्या हिरूआजीनं. हिरूआजी म्हणजे कोळीवाड्यातली सुईण. त्यामुळे आमच्या घरात सगळे 'आहे' म्हणत, आणि ही गोरीपान बाई 'हाय' म्हणे. एकदा भाऊच्या धक्क्याची लाँच उशिरा सुटली, तर काकाचं खिशातलं घड्याळ लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या नाकासमोर धरून ही म्हणाली, "मानसं हाईत का मिठाच्या गोनी? कवाची बसलीत!" तांडेल त्या दिवसापासून तिला दुरून येताना बघितलं तरी दोर सोडायला घ्यायचा.

नव्या नवरीला जवळ माहेर नाही, हे हिरूआजीला सहन झालं नव्हतं. पहिल्या सणाला तिनं काकूला आपल्या घरी नेलं, ओटी भरली, नवं लुगडं नेसवलं आणि जाहीर केलं की आजपासून हिचं माहेर हितं. आमच्याकडे मानलेलं माहेर सख्ख्याहून कडक असतं. काका गेला तेव्हा काकू आता परत जाणार असं सगळे धरून चालले होते. हिरूआजीनं मात्र विचारलंसुद्धा नाही, नुसती रोज कालवणाची वाटी आणून ठेवू लागली. काकू राहिली.

पण सरकारदरबारी ती परकी होती. वरचेवर पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागे, आणि त्याचा राग काकूपेक्षा कोळीवाड्यालाच जास्त. शेवटी नागरिकत्वाचा कायदा झाला तसा तिनं अर्ज केला, अलिबागला जाऊन शपथ घेतली आणि भारताची नागरिक झाली. हिरूआजीनं पेढे वाटले. आता प्रश्न मिटला असं मला वाटलं. माणसाला असं वाटायची खोड असते.

कारण लगेचच नॉर्वेहून निरोप आला की म्हातारी आई अंथरुणाला खिळली आहे आणि हिचं नाव घेते. जायचं तर पासपोर्ट हवा, नव्या देशाचा, पहिलावहिला. मी मुंबईच्या एका कचेरीत कारकून, घरात इंग्रजी अर्ज लिहिणारा एकटाच, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. माझी त्या काळातली सगळी रजा कचेरीच्या बाकड्यांवर संपली. या खिडकीवर जा, त्या खिडकीवर जा, साहेब जेवायला गेलेत, साहेब बदलीवर गेलेत. मी घामानं डबडबून कंटाळून जायचो, आणि शेजारी काकू पिशवीतून सुया काढून ऐन मे महिन्यात लोकरीचा मफलर विणत बसायची. निळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. "आयला थंडी लय वाजते," एवढंच सांगायची.

मग एक दिवस साहेबांनी कागदावरून वर न बघताच सांगितलं की अर्ज अडकला आहे. अर्जदार बाई जन्म नॉर्वेत झाला म्हणते, आणि पोलीस चौकशीत तो मोरा बंदरात झाल्याचं निघालं आहे. मी थक्क झालो. घरी येऊन विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. आम्ही मुंबईत असताना घाटावरून नवीन आलेला एक हवालदार चौकशीला आला होता. पोलीस पुन्हा आपल्या पोरीला परकी ठरवायला आलाय, असं समजून अख्ख्या आळीनं एकमुखानं साक्ष दिली. पुढारी अर्थातच हिरूआजी. "परकी कशी रं? हितंच जन्मली ती. या हातानं नाल कापली मी तिची!" हवालदारानं अर्जावरचा फोटो बघितला. डोक्यावर पदर, आणि काळ्यापांढऱ्या फोटोत निळे डोळे घारेच दिसणार. असतात कोकणात अशा, असं त्याला वाटलं असावं. त्यानं सगळं लिहून घेतलं.

मी तरातरा हिरूआजीकडे निघालो होतो. काकूनं माझा हात धरला. आधी ती पोट धरधरून हसली. "तिला बोलू नको," म्हणाली. "ती रडंल."

ती एक साक्ष निस्तरायला वर्षाच्या वर गेलं. कागद उरणहून अलिबागला, अलिबागहून मुंबईला, मुंबईहून परत उरणला. मफलर लांबत गेला. अखेर पासपोर्ट आला आणि काकू बोटीनं गेली. धक्क्यावर मला म्हणाली, "आय थांबंल ना रं?" मी 'थांबेल' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

थंडी सरता सरता ती परतली. मी धक्क्यावर आणायला गेलो. लाँचमध्ये बसल्यावर पाण्याकडे बघत म्हणाली, "आय मी पोचायच्या महिनाभर आधीच गेली रं." मोरा बंदरावर सगळी आळी जमली होती, आणि पुढे हिरूआजी.

"भेटली का गो आय?"

काकूनं पिशवीत हात घातला. तो निळा, पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर मी लगेच ओळखला. तिनं तो हिरूआजीच्या गळ्यात गुंडाळला.

"भेटली. लय बोललो आमी. तुझ्यासाठी धाडलाय तिनं."

हिरूआजीनं लोकर गालाला लावून बघितली आणि गर्वानं सगळ्यांकडे वळली. "बगा! त्या पोलिसाला मी ठनकावून सांगितलं, म्हनून जायाला मिललं हिला."

"व्हय," काकू म्हणाली, "तुझ्यामुलंच."

पुढे हिरूआजी जाईपर्यंत भर वैशाखातही तो मफलर तिच्या गळ्यात असे. उकडत नाही का, असं कुणी विचारलं की म्हणायची, माझ्या पोरीच्या आयनं दिलाय, काढू कसा? काकू समोर बोंबील वाळत घालत असे. ती मान वर करून बघायची, आणि पुन्हा कामाला लागायची.